पोरीला तिकडे कशाला पाठवतेस?

आमच्या समोरच्या घरात संध्याकाळी साडेसात वाजले की टीव्ही बंद होतो. धरणगावात आमच्या गल्लीत साडेसातला टीव्ही बंद होणं म्हणजे काय, हे मैत्रिणींनो, मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. सगळीकडून मालिकांची शीर्षकगीतं ऐकू येत असतात आणि त्या एका घरातून मात्र वाचनाचा आवाज येतो. आधी मुलगी वाचते, मग मुलगा अडखळत अडखळत वाचतो. मग आई. वडील घरी असले तर शेवटी तेही.

हे कुटुंब ख्रिस्ती. मूळचं नवापूरकडचं, यजमानांच्या नोकरीमुळे इथे आलेलं. दर तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांचीच मुलं घरी बसली तशी यांचीही बसली. शाळा उघडल्या, आपली मुलं गेली, यांची गेली नाहीत. मुलगा वाचताना अक्षरांची उलटापालट करायचा. आधीच्या गावातल्या एका शाळेत त्याला मागच्या बाकावर बसवून ठेवला होता आणि त्याचं नावच 'ढ' पडलं होतं. घरी आईने वर्षभर शेजारी बसवून वाचून घेतलं तर पोरगा वाचायला लागला. मग त्या दोघांनी ठरवलं, की अजून थोडी वर्षं घरीच. मुक्त विद्यालयातून परीक्षेला बसवू.

गल्लीत याची चर्चा किती झाली असेल, याची कल्पना करा. "शिकलेली माणसं आणि पोरं शाळेत घालत नाहीत?" इथून सुरुवात आणि "त्यांच्या धर्माचंच काहीतरी असेल" इथे शेवट.

माझी मुलगी तेव्हा पाचवीत. तिची त्या घरातल्या मुलीशी गट्टी जमली आणि ती साडेसातला तिकडे जाऊन बसू लागली. येऊन सांगायची, आज अमुक गोष्ट झाली. त्यांच्याकडे आधी त्यांच्या पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचतात, एखादं भजन म्हणतात, आणि मग पुस्तक. कोणतं? तर 'श्यामची आई'! मला आधी खरंच वाटलं नाही. साने गुरुजी आपल्या शेजारच्या अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, हे मीच माझ्या मुलीला कधी सांगितलं नव्हतं. ते तिला समोरच्या काकूंनी सांगितलं.

मग एके दिवशी सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "माय, तू पोरले तठे कसाले धाडस? लोके काय म्हंतीन?"

लोक म्हणत होतेच. भाजीच्या गाडीवर, भिशीत, हळदीकुंकवाला. एक तर म्हणाली, "आज गोष्ट ऐकते, उद्या गळ्यात क्रॉस घालेल." मी हसले, पण घरी येऊन मुलीला सांगितलं, आता परीक्षा जवळ आली, तिकडे जायचं नाही. परीक्षेला दोन महिने होते. तिने एकदाच विचारलं, "मम्मी, तिथे फक्त वाचतात ना?" मी काही बोलले नाही. समोरच्या ताईंनीही काही विचारलं नाही. भेटल्या की पूर्वीसारख्याच हसायच्या, आणि त्याचंच मला जास्त लागायचं.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला एक जुनं पुस्तक कारण झालं.

ऑगस्ट आला की आपल्या गावाला बालकवी आठवतात. त्र्यंबक बापूजी ठोमरे, जन्म १३ ऑगस्ट १८९०, धरणगाव. आपल्याला त्याचा अभिमान आहेच. शाळेत मुलं त्यांची निसर्गकविता म्हणतात, भाषणं होतात. मलाही त्या निमित्ताने चार ओळी लिहायच्या होत्या म्हणून मी वाचनालयातून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणली. कॉलेजात असताना वाचली होती. पण कॉलेजातलं वाचन ते, परीक्षेपुरतं. चूल, सासर, पोर, नवऱ्याचा संताप हे सगळं बघून झाल्यावर ते पुस्तक वाचा म्हणजे कळतं.

आणि त्या पुस्तकात आपला ठोमरे भेटला. अहमदनगरला, रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी. म्हणजे एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरी! १९०७ साली जळगावला पहिलं कविसंमेलन भरलं. त्यात या सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटली आणि अध्यक्ष कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं, एवढं आपण सगळ्या जाणतो. पण त्यानंतर हा पोरगा काही काळ टिळकांच्या घरात घरच्या मुलासारखा राहिला, लक्ष्मीबाईंच्या हातचं जेवला, त्यांची बोलणी खाल्ली, रुसला, निघूनही गेला, हे मी तरी गावातल्या कुठल्या भाषणात ऐकलेलं नाही. तो रुसून गेला तेव्हा टिळकांनी उडून गेलेल्या पाखराला साद घालणारी कविता लिहिली. ती आपल्यापैकी कितीतरी जणींना पाठ असेल. पण ते पाखरू आपल्या धरणगावचं होतं, हे ठाऊक असतं का?

ठोमरे त्या घरात राहिला, आणि हिंदूच राहिला. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली त्याचा अंत झाला, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तोवर हिंदूच होता.

मी पुस्तक मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले. १९०७ नंतरच्या त्या दिवसांत ठोमऱ्यांच्या घरातही कुणीतरी म्हटलं असेलच ना, की पोराला तिकडे कशाला पाठवता? त्या काळी तर बाटण्याची भीती आजच्या दसपट. तरी तो गेला. आणि मी माझ्या पोरीला रस्ता ओलांडू दिला नाही.

लक्ष्मीबाईंचं घर म्हणजे काही गोडगोड चित्र नव्हतं, हेही सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई भारावून गेली. १८६८चा जन्म, जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी. वडिलांना सोवळ्याचं असं वेड, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. अकराव्या वर्षी लग्न. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. अक्षरं शिकवली ती नवऱ्याने, घरात, आणि नवरा कसला तर तापट, भोळा, हातातलं दुसऱ्याला देऊन टाकणारा. १८९५ च्या फेब्रुवारीत त्याने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोच्या आयुष्याचं त्या एका दिवसात काय झालं असेल! पदरी लहान मुलगा, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, नातेवाईक रडताहेत, समाज बोट दाखवतोय.

काही वर्षं ती वेगळी राहिली. मग नवऱ्याजवळ आली तीही स्वतःचं सोवळं सांभाळून, स्वतःचं वेगळं शिजवून. एकाच घरात दोन धर्म, दोन चुली! टिळकांनी तिला ओढून नेलं नाही. तिचं तिला हळूहळू पटत गेलं. आधी जात पटेनाशी झाली. ही शिवाशिव देवाने केली की माणसाने, याचा विचार तिने स्वतः केला आणि उत्तर मिळाल्यावर कुणाच्याही हातचं खायला-प्यायला लागली. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, आपल्या पायांनी चालत.

मला यात तिचा धर्म बदलला याचं काही विशेष वाटत नाही. तो तिचा प्रश्न. मला विशेष वाटतं ते हे, की ज्या नवऱ्याने तिला वाचायला शिकवलं त्याचं तिने सगळं ऐकलं नाही. आणि त्या घराने ते चालवून घेतलं.

जरा आठवून बघा, आपल्याकडच्या पहिल्या शिकलेल्या बायका कुठे शिकल्या? बहुतेक घरीच! सावित्रीबाईंना जोतीरावांनी आधी घरी शिकवलं, मग नगरला मिस फॅरार यांच्याकडे त्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. रमाबाई रानड्यांना न्यायमूर्तींनी शिकवलं आणि घरातल्या बायकांनी त्यापायी त्यांना किती छळलं, ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. आनंदीबाई जोशींना गोपाळरावांनी शिकवलं ते मारून-मुटकून. आणि पंडिता रमाबाई? १८५८ साली गंगामूळच्या जंगलात जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून धर्ममार्तंडांचा रोष ओढवून घेतला. आणि त्या आईने लेकीला शिकवलं. कधी? तर पहाटे, घरची कामं सुरू व्हायच्या आधी, अर्धवट झोपेतल्या पोरीला जवळ घेऊन, तोंडी.

पहाटेच! कारण नंतर वेळच नाही. दीडशे वर्षांपूर्वीची ती बाई आणि आज पाणी यायच्या आधी उठून पोरीचे पाढे घेणारी आपल्यातली एखादी, फरक काय सांगा.

पुढे रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि ते छापायला जुळाऱ्या, छापणाऱ्या, बांधणाऱ्या सगळ्या आश्रमातल्याच बायका होत्या. दुष्काळातून आणि सासरच्या जाचातून आलेल्या त्या बायका. ज्यांना अक्षर ओळखू नये म्हणून घरच्यांनी जपलं, त्यांच्या हातात शिशाची अक्षरं आली.

ख्रिस्ती माणसं आणि मराठी पुस्तकं यांचं नातं आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार जुनं आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती १८५७ची 'यमुनापर्यटन' बाबा पदमनजींची, आणि ती आहे विधवांच्या दुःखावर. टिळकांची कितीतरी गीतं आजही मराठी चर्चमध्ये 'उपासना संगीत'मधून गायली जातात, आणि ती अभंगांच्या, ओव्यांच्या वळणाची आहेत. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. शाळेत न गेलेल्या बाईने! 'स्मृतिचित्रे' तर त्यांनी साठीनंतर लिहिली. मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहायला निघाला होता, त्याने आईला म्हटलं, तुझ्या आठवणी लिहून दे. ती मराठी वाचून बघा. आपण ओट्यावर बसून बोलतो तशी आहे. स्वतःची फजिती सांगताना ही बाई जराही मागेपुढे बघत नाही.

तर, मी समोरच्या घरी गेले.

जाताना काय बोलायचं ते पाठ केलं होतं, ते तिथे सुचलं नाही. चहा झाला. मी म्हटलं, "ताई, मी मुलीला यायचं बंद केलं, त्याचं कारण परीक्षा नव्हतं."

त्या म्हणाल्या, "माहीत आहे हो."

मग थोडं थांबून म्हणाल्या, "माझ्या सासूबाईसुद्धा फोनवर सांगतात, पोरांना तुमच्या गणपतीच्या आरतीला पाठवू नको म्हणून. मी तरी कुठे पाठवली होती यंदा?"

आम्ही दोघी हसलो, पण ते हसणं काही फार बरं नव्हतं. म्हणजे भीती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना होती! मी समजत होते, की माझ्या पोरीला ओढून न्यायला तिकडे कुणीतरी टपून बसलंय. आणि तिकडे त्यांना वाटत होतं, की आपण मूठभर, आपली पोरं या गर्दीत विरघळून जातील. खरं सांगायचं तर त्यांची भीती माझ्यापेक्षा जास्त खरी होती. गल्लीत त्यांचं एक घर आणि आमची चाळीस.

मी त्यांना विचारलंच, पोरांना घरी ठेवलं ते धर्मासाठी का? त्या म्हणाल्या, "थोडं तेही आहे, खोटं कशाला बोलू? रोज एकत्र बसून वाचावं, प्रार्थना करावी, मुलांना आपलं काय ते कळावं, असं वाटतं. पण मुख्य म्हणजे याचं वाचन." आणि मुलाकडे बोट दाखवलं. तो खाली बसून डाळीच्या डब्यावरची चिठ्ठी मोठ्याने वाचत होता.

आता माझं मत सांगते, ते त्यांनाही सांगितलं. मुलांना घरीच शिकवावं, हे मला सरसकट पटत नाही. आपल्याकडे तर नाहीच नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क मिळाला, तो उगाच नाही. आपल्या खेड्यापाड्यांत "मुलगी घरी शिकते" याचा अर्थ काय होतो, तुम्हीही जाणता आणि मीही. ती कापूस वेचायला जाते, धाकट्याला सांभाळते आणि सोळाव्या वर्षी तिला पाहायला पाहुणे येतात. मुलीसाठी शाळा म्हणजे नुसता अभ्यास नाही. घराबाहेरचे सहा तास आहेत, मैत्रिणी आहेत, खिचडी आहे, बाईंचा धाक आहे, आणि घरात काही वाईट घडत असेल तर ते कुणाच्या तरी लक्षात येण्याची शक्यता आहे. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होत्या तेव्हा किती पोरींची लग्नं गुपचूप उरकली गेली, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय.

शिवाय, घरी शिकवायला आई शिकलेली हवी, तिला वेळ हवा, वडिलांचा पगार हवा. सगळ्यांना ते कुठलं? समोरच्या ताई पदवीधर आहेत आणि नोकरी सोडून बसल्या आहेत. त्यांच्या नोकरीचं काय, हे त्यांच्या घरात कुणी विचारलं का, हेही मी त्यांना विचारलं. त्यावर त्या गप्प बसल्या. तो प्रश्न मी ताणला नाही, पण माझ्या मनात तो अजून आहे.

मुक्त विद्यालयाची सोय मात्र चांगली आहे आणि ती जास्त जणींना माहीत व्हायला हवी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून वयाची चौदा वर्षं झाल्यावर दहावीची परीक्षा देता येते. ती फक्त घरी शिकणाऱ्या पोरांसाठी नाही, दहावी राहून गेलेल्या बायकांसाठीही आहे. माझ्या भिशीत अशा चार तरी आहेत. (वाचत असाल तर समजा, तुम्हालाच म्हणतेय!)

पण ते साडेसातचं वाचन? ते शाळेत जाणाऱ्या पोरांच्या घरीही होऊ शकतं. त्याला ना पदवी लागते, ना नोकरी सोडावी लागते. आपल्याकडे ते होतंच की पूर्वी! श्रावणात पोथी लागायची. 'हरिविजय', 'पांडवप्रताप' वाचायचे. एक जण वाचायचा आणि बाकीचा वाडा ऐकायचा. वाचता न येणाऱ्या बायकांच्या कानांवरून सगळं रामायण-महाभारत गेलेलं असायचं. आपली बहिणाबाई आसोद्याची, जळगावला दिलेली. एक अक्षर येत नव्हतं, पण कानात केवढं साठलेलं! तिच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, लिहून घेतल्या होत्या म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं आणि महाराष्ट्राला कळलं. ऐकणारी आई आणि लिहून घेणारा मुलगा, ते घर काय शाळेपेक्षा कमी होतं?

हे आपण सोडलं आणि समोरच्या घराने धरून ठेवलं, एवढाच खरं तर फरक. त्यांच्याकडे देवाच्या नावाने रोज पुस्तक उघडतं. आपल्याकडे देवघरातली पोथी रेशमी वस्त्रात बांधलेली असते, तिला हळद-कुंकू वाहतो, आणि वाचतो वर्षातून एकदा. मी माझंच सांगतेय, तुमच्यावर घेऊ नका.

धर्म बदलायची भीती मी समजू शकते. ज्या घरातला माणूस जातो त्या घराचं काय होतं, ते लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवलंय, आणि त्यात त्यांनी स्वतःचे अश्रू लपवलेले नाहीत. पण भीती आहे म्हणून पोरीला गोष्टच ऐकू द्यायची नाही? मग तिने स्वतः विचार कधी करायचा? ती उद्या पुण्याला शिकायला जाईल, नोकरीला जाईल. तिथे रस्ता ओलांडायला मला विचारणार आहे थोडीच. आज प्रश्न घेऊन ती माझ्याकडे येते. "मम्मी, आपण का असं करतो?" विचारते. मला उत्तर येत नाही, म्हणून मला राग येतो. हे मला त्या आठवड्यात कळलं.

आता काय चाललंय ते सांगते. मंगळवारी आणि शुक्रवारी वाचन आमच्या ओट्यावर असतं. बाकीचे दिवस त्यांच्याकडे. त्यांची उपासना त्यांची ते आधी उरकतात, आमची आरती आमची आम्ही. ज्याला थांबायचं तो थांबतो. दोनच घरं आहेत अजून, तिसरीला मी विचारलं तर म्हणाली, "बघते, यांना विचारून." त्या भाजीच्या गाडीवरच्या बाईने माझ्याशी बोलणं कमी केलंय. सासूबाई पहिले दोन आठवडे आत बसून जपमाळ ओढत होत्या. मग दार अर्धं उघडं ठेवू लागल्या. मग डोळ्यांना चष्मा लावून उंबऱ्यात आल्या, शेंगा सोलायचं निमित्त काढून.

गेल्या शुक्रवारी 'स्मृतिचित्रे'तला ठोमऱ्याचा भाग काढला. मी वाचत होते, समोरच्या ताईंचा मुलगा माझ्या बोटाखालून ओळ धरून मागोमाग पुटपुटत होता. मध्येच वीज गेली. आता उरलेलं उद्या, असं म्हणत पोरं उठली.

अंधारातून सासूबाईंचा आवाज आला, "थांब ना माय. मंग तो पोऱ्या परत उना का?"

मुलीने मोबाईलची बॅटरी लावली आणि पुस्तक तिच्याकडे धरलं.